उजेडाची पट्टी

त्या हिवाळ्यात आमच्या शर्फियात मासा यायचाच थांबला.

शर्फिया म्हणजे समुद्रात रोवलेलं झावळ्यांचं कुंपण. ट्युनिशियाच्या करकेना बेटाभोवतीचं पाणी उथळ. ओहोटीला माणूस अर्धा कोस आत चालत गेला तरी मांडीपर्यंतच भिजतो. जमिनीवर जसे वाटे असतात तसे त्या पाण्यातही घरोघरचे वाटे. ऑक्टोबर लागला की बाबा खजुरीच्या झावळ्या छाटायचे, देठांची टोकं कोयत्याने तासायचे आणि एकेक झावळी चिखलात रोवत दोन लांब भिंती उभ्या करायचे. भिंती निमुळत्या होत एका खोलीत मिळायच्या आणि खोलीच्या कोपऱ्यांत टोपल्या. ओहोटीबरोबर परतणारा मासा भिंतीला धरून यायचा आणि टोपलीत शिरायचा. त्याच्या मागे कुणी धावायचं नाही. बाबा म्हणायचे, आपलं काम रोवणं आणि वाट बघणं.

त्या वर्षी नुसतीच वाट बघणं झालं. बाबा टोपली वर उचलायचे, पाणी गळून जायचं, आणि तळाशी दोन खेकडे, एखादी बोटभर बोय. बोय ते परत पाण्यात सोडायचे. "जा, मोठी हो," म्हणायचे. डिसेंबरात तेही म्हणेनासे झाले.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तळ खरवडणारी जाळी घेऊन छोट्या ट्रॉलर बोटी उथळ पाण्यात शिरत होत्या. तिथे यायची त्यांना बंदी होती. त्या समुद्रातलं गवत मुळासकट उपटून न्यायच्या, आणि ज्या गवतात मासा अंडी घालायचा ते आमच्या किनाऱ्यावर काळ्या ढिगांनी येऊन पडायचं. शेळ्याही त्याला तोंड लावत नसत.

आईला मी यम्मा म्हणायचे. ती अंगणात बसून टोपल्या विणायची आणि ओहोटीला शिंपल्या वेचायची. मिठाने तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असत. त्यांत ती ऑलिव्हचं तेल भरायची आणि वर चिंध्या बांधायची. जानेवारीत बाबांनी सांगितलं की स्फाक्सच्या बंदरात बर्फाच्या लाद्या भरायचं काम मिळालंय. दर मंगळवारी संध्याकाळी ते फेरीबोटीने जायचे आणि शुक्रवारी परतायचे. येताना त्यांच्या लोकरी कोटाला डिझेलचा वास असायचा. बर्फाला डिझेलचा वास कसा, हे माझ्या मनात आलं नाही. मी अकरा वर्षांची होते, आणि माझं सगळं चित्त त्या दिवसांत युवागृहात होतं.

युवागृह म्हणजे शाळेमागची दोन खोल्यांची इमारत. एका खोलीत टेबल टेनिसचं फाटक्या जाळीचं टेबल, दुसऱ्या खोलीत कुठूनसे आलेले पाच जुने संगणक. त्या खोलीत सी मुंजी मुलांना फोटो दुरुस्त करायला शिकवायचे. सी म्हणजे साहेब, पण आम्ही मुलं त्यांना सिदीच म्हणायचो. बाबा आणि ते एका बाकावर शिकलेले. सिदींनी बावीस वर्षं स्फाक्सच्या एका फोटो स्टुडिओत काढली. फिल्मच्या काचेवर पेन्सिलीने ठिपके ठिपके देऊन ते नवऱ्यामुलांची मुरमं आणि नवरीच्या आईच्या सुरकुत्या पुसायचे. मग फिल्म गेली, स्टुडिओ गेला, आणि ते बेटावर परत आले. त्यांच्या उजव्या हाताची तीन नखं औषधांनी तपकिरी झाली होती. ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

यम्माला माझं तिकडे जाणं पसंत नव्हतं. शुक्रवारची दुपार आणि रविवारची सकाळ म्हणजे निम्मी टोपली, असा तिचा हिशेब. बाबांनीच मध्यस्थी केली. ते म्हणाले, शिकू दे बेय्याला, आपण रोवलं तिथे काही उगवेना, हिने दुसरीकडे रोवून बघावं.

आम्ही बारा जण होतो. एका संगणकापुढे दोन-तीन जण, स्टुलावर निम्मं निम्मं ढुंगण टेकून. दारात सिदींनी पाण्याची बादली आणि साबण ठेवला होता, कारण आमच्या हातांच्या मिठाने आणि माशाच्या खवल्यांनी माउस चिकटायचे. हात धुतल्याशिवाय आत प्रवेश नाही. बाहेर वारा खिडक्यांना धडका द्यायचा आणि आत संगणकांचे पंखे घरघरायचे. सगळ्यात जुन्या संगणकाच्या मागून ऊन हवा यायची. तिथे बसायला आमची भांडणं व्हायची, चित्रासाठी नव्हे, हात शेकायला.

पहिल्या दिवशी सिदींनी एकच गोष्ट शिकवली. फोटोची नक्कल कशी करायची. मूळ फोटो एका कप्प्यात ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. जे काय चाळे करायचे ते नकलेवर. एका मुलाने विचारलं की नक्कल बिघडली तर. सिदी म्हणाले, तर दुसरी नक्कल. आणि मूळच बिघडलं तर. त्यावर ते म्हणाले, तर मग तुझ्या आईला विचार तू कसा दिसायचास. पोरं खूप हसली.

मग दर वर्गाला एकेक हत्यार. कात्री म्हणजे फोटोची कड कापणं. शिक्का म्हणजे एका जागेचा तुकडा उचलून दुसऱ्या जागेवर उमटवणं, म्हणजे डाग झाकला जातो. आणि उजेडाची पट्टी. पडद्यावरच्या त्या पट्टीवर एक छोटी गोटी असायची, ती उजवीकडे सरकवली की अंधारात बुडालेलं वर यायचं. यंत्रात सगळी नावं फ्रेंचमध्ये होती. सिदींनी त्यांना आमची नावं दिली, आणि अजूनही माझ्या तोंडात तीच बसलीत.

आमचा पहिला पराक्रम म्हणजे हदियाने सिदींच्या मिशा कापून आपल्या कोंबड्याला चिकटवल्या. हदिया माझी जिवाभावाची मैत्रीण, आमच्या शेजारच्या शर्फियावाल्या फर्जानीकाकांची नात. सिदी बराच वेळ तो कोंबडा बघत राहिले आणि म्हणाले की डावी मिशी जरा वर हवी, माझा चेहरा तिरका आहे. मग तिच्याकडून ती नीट करून घेतली. आता हदिया मार्सेलला असते, दोन मुलांची आई आहे. फोनवर आम्ही बोलायला लागलो की अजूनही तो कोंबडा निघतोच.

कॅमेरा एकच होता. सिदींचा स्वतःचा, काळ्या कातडी पिशवीतला. तो पाळीपाळीने एकेका मुलाकडे एक दिवस असायचा. माझी पाळी आली ती बुधवार संध्याकाळ ते गुरुवार संध्याकाळ. विषय दिला होता, उजाडताना. यम्माने त्या पिशवीभोवती एक प्लास्टिक गुंडाळलं, त्याच्यावर आपला डोक्याचा रुमाल बांधला आणि मला बजावलं की हे बुडालं तर तूही परत येऊ नकोस.

गुरुवारी पहाटे ओहोटी होती. मी यम्माबरोबर शिंपल्या वेचायला निघाले. पाणी इतकं गार की घोटे दुखून बधिर झाले. यम्मा वाकून चिखल चाचपत होती, मी तिच्यापासून पुढे पुढे जात होते. पूर्वेला नुसती एक तांबूस रेघ. मी डोळ्याला कॅमेरा लावला आणि रेघेचे फोटो काढत सुटले. लांब, जिथे पाणी खोल होतं तिथे, काहीतरी काळं होतं. मी ते जवळ ओढून दोन फोटो घेतले, कारण रेघेपुढे काळं काही असलं की चित्र चांगलं दिसतं असं सिदींनी सांगितलं होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या काचेत तिथे नुसता शाईचा डाग दिसला.

ऊन वर आलं तेव्हा फर्जानीकाकांचा आवाज किनाऱ्यावर ऐकू आला. ते ओरडत नव्हते. एका सुरात बोलत होते, जसं कुणी मेल्यावर बोलतात. त्यांच्या शर्फियाची आतली भिंत गेली होती. साठ-सत्तर पावलांच्या लांबीत एक झावळी उभी नव्हती. टोपल्या तर दिसतच नव्हत्या. काकांचं वय तेव्हा बहात्तर. ऑक्टोबरात त्यांनी आणि बाबांनी मिळून त्या भिंती रोवल्या होत्या. आमच्या आजोबांच्या पश्चात बाबांना झावळी धरायला काकांनीच शिकवलं. ते छातीपर्यंत पाण्यात उभे राहून तुटलेली देठं वेचत होते आणि काखेत धरत होते, जणू ती परत लावता येतील. यम्माने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांची पावलं पांढरी पडली होती. तिने ती आपल्या मांडीवर घेऊन चोळली. काका म्हणाले की बोट कोणाची ते कळलं असतं तर किनाऱ्याच्या सरकारी पहारेकऱ्यांकडे गेलो असतो, पण अंधारात कोण बघतं.

शुक्रवारी दुपारी वर्ग भरला. सिदींनी सगळ्यांना उजेडाची पट्टी पुन्हा करायला लावली. ज्याचा फोटो सगळ्यात अंधारा, त्याचा उघडायचा. तो माझा निघाला.

मी नक्कल केली. गोटी हळूहळू उजवीकडे सरकवली. तांबूस रेघ आधी नारिंगी झाली, मग पिवळी. पाण्यावर पट्टे दिसायला लागले. आणि तो शाईचा डाग फुटला. त्यातून बोटीचं नाक आलं, मग डोलकाठी, मग मागे सोडलेले दोर. मुलं माझ्या पाठीवर रेलली. सिदी म्हणाले, "सावकाश. घाई केलीस तर सगळंच पांढरं होतं." मी गोटी थोडी मागे घेतली, कडा कापल्या, मोठं केलं. नाकाजवळ पांढऱ्या रंगाचा नंबर होता. हदियाने तो मोठ्याने वाचला आणि पुन्हा वाचला. मग ती चपलाही न घालता आजोबांना सांगायला पळाली.

बाकीची मुलं नंबरच बघत होती. मी मागच्या टोकाला बघत होते. तिथे दोराशी एक माणूस उभा होता. चेहरा नव्हता, नुसती आकृती. पण डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता आणि उजवा हात मानेमागे ठेवलेला होता. मी तो माणूस दर वर्षी पाण्यात तसाच उभा राहिलेला बघत होते. शर्फिया रोवून झाली की तो असाच उभा राहून आपलं काम बघायचा.

सिदींनीही बघितलं. त्यांनी पाठीमागून हात घालून पडदा बंद केला आणि वर्ग सुटला म्हणून सांगितलं.

मी उठले नाही. सगळे गेल्यावर मी पडदा पुन्हा लावला. सिदी बादलीतलं पाणी बाहेर ओतत होते. त्यांनी मला अडवलं नाही. मी दुसरी नक्कल केली आणि शिक्का घेतला. आकाशाचा एक तुकडा उचलला, खांद्यावर उमटवला. पाण्याचा तुकडा पायांवर. दोर पुढे ओढून जिथे हात होता तिथे जोडला. तासभर लागला असेल. एवढं मन लावून मी त्या आधी काही केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार वेळा केलं नाही. शेवटी बोटीच्या मागच्या टोकाला नुसती पहाट राहिली.

सिदी येऊन बघत उभे राहिले. चष्मा काढून पडद्याशी नाक नेलं.

"साफ झालंय," ते म्हणाले. "आधीचा बघितला नसता तर मलाही कळलं नसतं."

त्यांच्या तोंडून असं कौतुक वर्गात कुणाला मिळालं नव्हतं. मला रडू फुटलं. ते शेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले की स्फाक्सला त्यांनी खूप माणसं पुसली होती. सोडलेल्या बायका, वैरी झालेले भाऊ. लोक फोटो घेऊन खुशीत जायचे. "पण पुसलेल्या जागेकडेच त्यांची नजर जायची, बेय्या. मी समोर उभा असायचो, मला दिसायचं." मग ते उठले. फर्जानीकाका रविवारी फोटोचा कागद न्यायला येतील, म्हणाले, आणि बाबा आज परत येतीलच. एवढं सांगून त्यांनी रिकामी बादली आत आणून ठेवली. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. मोठ्या माणसाने सांगावं, हे कर किंवा ते कर. आज मी स्वतः मुलांना शिकवते तेव्हा वाटतं, त्यांनाही सांगवत नसेल. बाबा त्यांचे बालमित्र होते.

बाबा आले, त्यांनी बार्लीची लापशी खाल्ली, झोपले. यम्माने काकांची शर्फिया गेल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ऐकलं बंदरात. एवढंच.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर पाण्यात गेले. आमच्या भिंतीतल्या सैल झालेल्या झावळ्या ठोकायच्या होत्या. मी झावळी सरळ धरायची आणि ते लाकडी मोगरीने देठावर ठोकायचे. प्रत्येक ठोक्याला माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. दहा-बारा झावळ्या झाल्या. मग मी सांगितलं. झावळीकडे बघतच सांगितलं, फोटो कधी काढला, पट्टी कशी सरकवली, काय दिसलं.

मोगरी थांबली.

"तोंड दिसतं?"

"नाही. पण तुम्हीच आहात."

पाणी त्यांच्या कमरेभोवती हलत होतं. त्यांनी मोगरी पाण्यावर सोडली. ती तरंगत बाजूला जायला लागली आणि त्यांनी ती धरली नाही. मग एकेक करून बोलले. बर्फाचं काम पहिल्याच आठवड्यात संपलं होतं. ओळखीतल्या एकाने बोटीवर घेतलं. लांब खोल पाण्यात जातो असं सांगितलं होतं, आणि तीन खेपा खरंच गेले. चौथ्या खेपेला पहाटे दिवे विझवून बोट आत वळली. ते दोरावर होते. जाळं जड झालं म्हणून त्यांनी खाली वाकून बघितलं तर पाण्यात झावळ्या येत होत्या. देठाला तासलेलं टोक बघून त्यांना कळलं कोणाच्या ते. ती टोकं त्यांनीच तासली होती.

"मी ओरडलो असतो," ते म्हणाले. "दोर सोडून दिला असता तरी चाललं असतं. पण मी तसाच उभा राहिलो. हात मानेमागे घेऊन."

मी त्यांना सांगितलं की काळजी करू नका, मी पुसलंय. सिदी म्हणाले कुणालाच कळणार नाही.

"इतकं छान पुसलंस?"

मी हो म्हटलं. ते हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही.

"म्हणजे मी तिथे नव्हतोच," ते म्हणाले. मग खूप वेळ फर्जानीकाकांच्या बाजूला बघत राहिले, जिथे आता काही उभं नव्हतं. मोगरी मी पोहत जाऊन आणली.

रविवारी सकाळी काका वर्गात आले. डोक्यावर लाल लोकरी टोपी, अंगावर खास बाहेर जायचा तपकिरी बुरनूस झगा, हातात काठी. दारातल्या बादलीत त्यांनी आमच्यासारखेच हात धुतले. सिदींनी त्यांना आपली खुर्ची दिली. हदिया त्यांच्या मागे उभी होती. मी संगणकाशी बसले होते आणि दोन्ही फोटोंचे कप्पे माझ्यापुढे होते. सिदी माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम खिडकीची कडी लावत होते.

तेवढ्यात दारात पाण्याचा आवाज झाला. बाबा हात धुवत होते. पाण्यातल्या कामाची फाटकी पँट तशीच होती. त्यांना बघून मुलांनी जागा केली. बसायला आमच्या उंचीचं स्टूल तेवढंच रिकामं होतं. ते त्याच्यावर बसले तेव्हा त्यांचे गुडघे छातीशी आले. एक मुलगा फिदीफिदी हसला आणि गप्प झाला.

"उघड, बेय्या," बाबा म्हणाले.

मी एक फोटो उघडला. कुठला ते आता आठवत नाही म्हटलं तर खोटं होईल. पुसलेलाच उघडला.

बाबांनी तो बघितला. मान डोलावली, जसं कुणी चांगली विणलेली टोपली बघून डोलावतं. म्हणाले, "हा नको. आधीचा."

मी आधीचा उघडला. बाबा स्टुलावरून उठले आणि पडद्यावर बोट ठेवलं. काचेवर पाण्याचा ठसा उमटला.

"काका, हा नंबर. आणि हा मागे दोरावर उभा आहे तो मी."

खोलीत नुसते पंखे घरघरत राहिले. हदियाने माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. काका पुढे वाकले, डोळे बारीक केले, काठीवर हनुवटी टेकली. मग त्यांनी सिदींना कागद काढायला सांगितलं. छपाई यंत्र कण्हत कण्हत ओळी ओढत होतं. आधी आकाश आलं, मग डोलकाठी, मग बाबा. काकांनी ओला कागद चार घड्या करून बुरनुसात घातला. सिदी म्हणाले, घडी नका घालू, शाई फुटेल. काकांनी ऐकलं नाही. काठी टेकत ते बाबांच्या शेजारून निघून गेले, आणि हदियाही त्यांच्यामागे गेली.

बाबा त्याच दुपारी पहारेकऱ्यांकडे जाऊन जबानी देऊन आले. बोट महिनाभर बांधून ठेवली, जाळं जप्त झालं. ती बोट ज्यांची होती ते आमच्याच बेटावर, पलीकडच्या गावात राहायचे. कॉफीच्या दुकानात बाबा बसले की एका बाजूचे लोक उठून जायचे, कारण याने बोट पकडून दिली. दुसऱ्या बाजूचेही उठायचे, कारण हा बोटीवर होता. चार दिवसांत बाबांनी तिकडे जाणं सोडलं. पाव आणायला गेलेल्या यम्माला एका बाईने विचारलं की तुझ्या नवऱ्याचा फोटो छान आलाय म्हणे, आम्हालाही एक दे. यम्माने घरी येऊन पाव ठेवला, चिंधी सोडून भेगांत तेल भरलं आणि बाबांना एवढंच म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंस." दोघं पुढचे पंधरा दिवस माझ्यामार्फत बोलत होती. माझ्याशी शाळेत हदिया बोलत नव्हती. वर्गात ती हात शेकायच्या संगणकाशी बसायची आणि मी खिडकीशी.

बाबांनी आमच्या परसातली खजुरी पार छाटून काढली. रोज ओहोटीला गाढवावर झावळ्या लादून ते काकांच्या वाट्यात जायचे. मी शाळेतून आले की झावळ्या धरायला जायचे. फेब्रुवारीचा वारा होता. बाबांच्या खालच्या खांद्यात कळ यायची तेव्हा ते मोगरी दुसऱ्या हातात घ्यायचे, आणि त्या हाताचा ठोका वाकडा बसायचा. पहिल्या दिवशी काका किनाऱ्यावर उलट्या ठेवलेल्या होडीवर बसून बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत, आणि आम्ही परतताना बाबांनी दोनदा त्या होडीकडे वळून बघितलं.

चौथ्या दिवशी पंधरा-वीस पावलं भिंत उभी झाली होती. मी झावळी धरून होते. मागे पाणी खळबळलं. काका येत होते, बुरनूस नाही, टोपी नाही, पँट गुडघ्यावर दुमडलेली, आणि त्यांच्यामागे हदिया, डोक्यावर झावळ्यांची मोळी. काका भिंतीशी आले. एकेका झावळीला हात लावून हलवून बघत पुढे गेले. एका झावळीशी थांबले, दोन्ही हातांनी ती उपटली आणि टोक बाबांच्या समोर धरलं.

"हे काय रोवलंस? इतकी खोल गेली तर पहिल्या वादळात देठातून मोडेल. वाऱ्याला थोडी हलू द्यावी लागते. किती वर्षं सांगतोय तुला?"

"पस्तीस, काका," बाबा म्हणाले.

"मग कधी शिकणार?"

बाबांनी तोंड फिरवलं. त्यांची हनुवटी थरथरत होती, पण वारा इतका होता की आम्हा सगळ्यांच्याच हनुवट्या थरथरत होत्या. काकांनी त्यांच्या हातातली मोगरी घेतली. तीच झावळी पुन्हा जागेवर ठेवली आणि मला म्हणाले, सरळ धर गं. हदिया मोळी सोडून माझ्या शेजारी आली, तिनेही खालून तीच झावळी धरली. तिचे हात बर्फासारखे होते. तिने माझ्याकडे न बघता कुजबुजत विचारलं की फोटोतला माणूस पुसला तेव्हा दोर कसा जोडलास, मला दाखवशील का.

मी म्हटलं, शुक्रवारी.

काका ठोकत गेले, बाबा देठं तासत गेले, आम्ही दोघी धरत गेलो. भरती लागली तरी कुणी थांबेना. पाणी आधी माझ्या कमरेला आलं, मग छातीला. यम्मा किनाऱ्यावर उभी राहून हाका मारत होती, आधी माझ्या नावाने, मग हदियाच्या, आणि मग त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बाबांच्या नावाने.